तडा स्क्रूपासूनच का जातो?

दहा-पंधरा वर्षं रस्त्यावर काढलेल्या एखाद्या ट्रकच्या केबिनमध्ये चढा आणि मीटरभोवतीची प्लास्टिकची चौकट नीट न्याहाळा. तिला तडा गेलेला असेल, तर तो बहुधा एखाद्या स्क्रूच्या भोकातून निघून कडेकडे गेलेला दिसेल. मधला सपाट भाग, जिथे क्लीनरचा हात आपटतो, चहाचा ग्लास टेकवला जातो, तो सहसा धड असतो. म्हणजे चौकट मार लागून फुटलेली नाही. जिथे तिला सर्वांत घट्ट धरून ठेवलं होतं, तिथूनच ती गेली. हे ध्यानात न घेता नुसता तुकडा बदलला, की नवा तुकडाही काही महिन्यांत त्याच भोकापासून तडकतो आणि दोष ‘डुप्लिकेट माला’च्या नावावर जमा होतो.

काम तसं लहान. त्यामुळे गाडी थांबत नाही, म्हणूनच ते वर्षानुवर्षं राहूनही जातं. पण चौकट सैल झाली की तिच्या आधाराने बसलेले मीटर आणि स्विच हलायला लागतात, मागचा वायरिंगचा गठ्ठा पत्र्याच्या कडेला घासतो, आणि एके रात्री घाटात डॅशबोर्डचे दिवे जातात. तेव्हा मग इलेक्ट्रिशियन शोधावा लागतो. तडा वेळीच पाहिला तर ते टळतं.

बंगळूरचं पीण्या औद्योगिक क्षेत्र ही या कामासाठी फार सोयीची जागा आहे. कोल्हापूर, सांगली, बेळगावहून निघालेली गाडी हुबळी, दावणगिरी, चित्रदुर्ग, तुमकूर करत बंगळुरात शिरते ती पीण्याच्या अंगाने. हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ४ होता, आता त्याचा क्रमांक ४८ आहे. चालकांच्या तोंडी मात्र तो अजून ‘पुणे-बंगळूर’च. डिसेंबर २०२१ मध्ये केबलमधल्या दोषामुळे इथला उड्डाणपूल बंद झाला. पुढे हलक्या गाड्या वर चढल्या, पण अवजड गाड्यांना दीर्घ काळ खालच्या गर्दीतूनच वाट काढावी लागली. त्यात कारखान्याच्या दारात माल उतरवायला नंबर लागेपर्यंत अर्धा दिवस कुठे जातो कळत नाही. तेवढ्या अवधीत हे काम आरामात उरकतं.

सोयीचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. १९७० च्या दशकात वसवलेली पीण्याची वसाहत आशियातल्या मोठ्या औद्योगिक वसाहतींत गणली जाते, आणि तिचा खरा जीव मोठ्या कंपन्यांपेक्षा एका शटरच्या, दोन शटरच्या कारखान्यांत आहे. टूलरूम, डाय बनवणारे, सीएनसीवाले, प्लास्टिक मोल्डिंगवाले, पावडर कोटिंगवाले असे सगळे शेजारी शेजारी. शेजारच्या जालहळ्ळीत एचएमटी १९५३ साली आली, तेव्हापासून या भागात यंत्रकाम जाणणारे हात तयार होत गेले. साचे घडवणारे कारागीर तयार करणारी ‘एनटीटीएफ’ ही संस्था मूळची केरळातल्या तलश्शेरीजवळच्या नेत्तूरची, १९५९ साली स्विस मदतीने सुरू झालेली. पीण्यात तिचं केंद्र आहे आणि तिथला चौकच ‘एनटीटीएफ सर्कल’ म्हणून ओळखला जातो. कंपनीने ज्या तुकड्याचा पुरवठा बंद केला, तो कसा बनवता येईल हे सांगू शकणारा माणूस इथे चार गल्ल्यांत भेटतो.

आधी गाडी कोणत्या जातीची ते पाहू. आपल्याकडे कित्येक दशकं ट्रक विकला जाई तो नुसत्या चॅसिसचा, फार तर पुढचा काउल बसवलेला. केबिन बांधायची ती बॉडीवाल्याने. अशा गाडीत मीटरचं पॅनल कंपनीचं आणि भोवतालचा डॅशबोर्ड कुणा मिस्त्रीच्या हातचा, प्लायवूड, पत्रा आणि रेक्झिनचा असतो. दुसरी जात कारखान्यातून पूर्ण केबिनसह आलेल्या गाडीची. तिथे सगळा डॅशबोर्ड साच्यातून निघालेला आणि प्रत्येक तुकड्याला पार्ट नंबर असतो. पहिल्या जातीत दोन गाड्यांची मापं जुळतील याची खात्री नसते. दुसरीत जुळतात, पण मॉडेलच्या वर्षानुसार भोकांच्या जागा बदललेल्या असू शकतात. म्हणून दुकानात गाडीचं नाव सांगून भागत नाही, तुकडाच हातात न्यावा लागतो.

आता मूळ प्रश्नाकडे. मीटरभोवतीची चौकट बऱ्याचदा एबीएस या प्लास्टिकची असते. ऍक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाइन आणि स्टायरिन या तिघांपासून ते बनतं. यातला ब्युटाडाइन म्हणजे रबराचा अंश. तो अतिसूक्ष्म कणांच्या रूपात सगळीकडे पसरलेला असतो आणि धक्का पचवण्याचं काम करतो. एबीएसचा चिवटपणा त्याच्यामुळे, आणि म्हातारपणही त्याच्यामुळेच. या रबराच्या रेणूंतले दुहेरी बंध ऊन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून तोडतात. सुरुवात पृष्ठभागावर होते. वरचा पातळ थर पिवळट, कोरडा आणि ठिसूळ बनतो, आतलं प्लास्टिक बरंचसं शाबूत असतं. पण ठिसूळ थरात उठलेली बारीक चीर तिथेच थांबत नाही. तिच्या टोकाशी ताण एकवटतो आणि ती आतल्या चांगल्या भागात शिरते. पुढची लॅमिनेटेड काच बरेचसे अतिनील किरण अडवते, पण ट्रकच्या दाराची काच बाराही महिने खाली असते. चालकाच्या बाजूची कड आधी जाते ती त्यामुळे.

बंगळूरची हवा थंड म्हणून निश्चिंत राहू नये. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, ऊन इथे प्रखर असतं, आणि बंद उभ्या केबिनमध्ये उन्हाळ्यात डॅशबोर्डचा पृष्ठभाग सत्तर अंश सेल्सियसच्या आसपास सहज जातो. पहाटे तोच वीस अंशांवर असतो. या पन्नास अंशांच्या फरकातच तड्याचं खरं गणित आहे. साठ सेंटिमीटर लांबीची एबीएसची पट्टी पन्नास अंश तापली की जवळजवळ अडीच मिलिमीटर लांबते. तिच्यामागचा पोलादी पत्रा तेवढ्याच तापमानाला अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी वाढतो. म्हणजे रोज दुपारी प्लास्टिक पत्र्यापेक्षा दोन मिलिमीटर पुढे जाऊ पाहतं आणि रोज रात्री मागे येतं. दोन्ही टोकांना स्क्रू करकचून आवळलेले असतील तर त्याने जायचं कुठे? ते मधे फुगतं, भोकाच्या कडेवर जोर येतो, आणि हे वर्षभर चालतं.

त्यात भोकाची कड मुळातच कमजोर असते. तुकडा तयार झाल्यावर त्याला भोक पाडत नाहीत. साच्यात भोकाच्या जागी पोलादी खुंटी असते. वितळलेला रस तिला वळसा घालून दोन्हीकडून पुढे येतो आणि पलीकडे पुन्हा मिळतो. मिळताना दोन्ही प्रवाहांची तोंडं थोडी निवलेली असतात, त्यामुळे तिथे सांधा राहतो. मोल्डिंगवाले त्याला वेल्ड लाइन म्हणतात. नवीन तुकडा उजेडात तिरका धरला तर भोकापासून निघालेली केसाएवढी रेघ दिसते, तीच ही. तडा जायचाच असेल तर त्याला यापेक्षा सोपी वाट नाही.

मग इंजिन. सहा सिलिंडरचं चार स्ट्रोकचं डिझेल इंजिन मिनिटाला सहाशे फेऱ्यांवर नुसतं घुरघुरत असलं, तरी सेकंदाला तीस स्फोट होत असतात. माल उतरेपर्यंत इंजिन चालू ठेवून डुलकी काढायची सवय असेल, तर चौकट तासाला लाखाहून जास्त हादरे खाते.

आणि शेवटचं कारण बहुतेकांना ठाऊकच नसतं. ताणाखाली असलेल्या एबीएसला काही द्रव चालत नाहीत. पेट्रोल, थिनर, रॉकेल यांनी डॅशबोर्ड पुसला की तो चकाकतो, पण तेवढ्यात ते द्रव ताणलेल्या जागी रेणूंच्या मधे शिरतात आणि एरवी दोन वर्षांनी गेला असता तो तडा दोन आठवड्यांत जातो. काही तेलांचाही असाच परिणाम होतो. डॅशबोर्डवरच्या देवापुढे निरांजन लावलेलं असतं आणि तेल ओघळून चौकटीच्या खाचेत उतरत असतं. भक्ती करावी, पण खाली एक ताटली ठेवावी. प्लास्टिकचे कारखाने हाच गुण तपासणीसाठी वापरतात: एबीएसचा तुकडा निर्जल ऍसेटिक आम्लात थोडा वेळ बुडवला की त्याच्या आत ताण कुठे कोंडलेला आहे ते तड्यांच्या रूपाने वर येतं.

कारण कळलं. आता तुकडा कशाचा आहे ते नक्की करायचं, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. चौकटीच्या पाठीमागे पाहा. साच्यातून आलेल्या तुकड्यावर दोन बाणांच्या टोकांमधे अक्षरं कोरलेली असतात: एबीएस, किंवा पीपी, किंवा पीपी आणि पुढे टी २०. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, टी २० म्हणजे त्यात वीस टक्के टाल्कची पूड. खूण नसेल तर पाठीचा नखाएवढा तुकडा कापून पाण्यात टाकतात. साधं पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, एबीएस बुडतं. पण टाल्क घातलेलं पॉलिप्रॉपिलीनही बुडतं, त्यामुळे या चाचणीवर एकट्यावर विसंबू नये. त्याहून चांगली खूण ऍसिटोनची. पाठीवर कापसाने एक थेंब लावून बोटाने दाबलं, तर एबीएस चिकट होतं आणि पॉलिप्रॉपिलीनला काहीच होत नाही. हे करताना मीटरची पारदर्शक काच लांब ठेवा. ती काच नसून प्लास्टिक असण्याचीच शक्यता जास्त, आणि ऍसिटोनच्या एका थेंबाने ती कायमची धुरकट होते.

आता उघडण्याचं काम. गाडी सपाट जागी, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची आणि शेवटी लावायची. पॉझिटिव्ह आधी काढायला गेलात आणि पाना चॅसिसला टेकला, तर ठिणगी पाहण्यासारखी असते. अवजड ट्रकला बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडून चोवीस व्होल्ट घेतलेले असतात, त्यामुळे कोणती निगेटिव्ह चॅसिसला गेली आहे ती शोधून तीच काढायची. दोन बॅटऱ्यांमधली जोडवायर ती नव्हे.

इथे एक इशारा, जो कारच्या गॅरेजमध्ये काम शिकलेल्याला सुचणारच नाही. एअर ब्रेकच्या जुन्या ट्रकमध्ये हवेच्या दाबाचं मीटर यांत्रिक असतं. त्याला वायर येत नाही. टाकीतली हवा बारीक नळीतून थेट मीटरच्या पाठीत येते, सात-आठ बार दाबाने. काही फार जुन्या गाड्यांत ऑइलच्या दाबाचं मीटरही असंच असतं, फक्त नळीत गरम ऑइल. मीटरचं पॅनल जोरात पुढे ओढलं आणि नळी निसटली, तर नुसता कानठळ्या बसवणारा आवाज होऊन भागत नाही, ब्रेकची हवाही जाते. म्हणून इंजिन बंद ठेवून ब्रेकचं पेडल मारत राहा, काटा शून्यावर येईपर्यंत. किंवा टाक्यांखालचे ड्रेन कॉक उघडा. हवा गेली की स्प्रिंग ब्रेक असलेली गाडी आपोआप जखडते, पण प्रत्येक जुन्या गाडीला तो असतोच असं नाही. ठोकळे आधी लावायला सांगितले ते यासाठी.

नुसती चौकट काढायची असेल तर बऱ्याच गाड्यांत मीटर जागचे हलवावेही लागत नाहीत. स्विचच्या मुठी निघतात: काही ओढून, काहींना बाजूला बारीक पेच असतो, काहींना खालून टाचणीने दाबायची कळ. मग दिसतील ते स्क्रू काढायचे. न दिसणारे त्याहून जास्त असतात: ऍश-ट्रेच्या मागे, रिकाम्या स्विचच्या झाकणाखाली, कधी कुणीतरी चिकटवलेल्या स्टिकरखाली. नियम एकच ठेवा. दोन बोटांच्या जोराने तुकडा सुटत नसेल तर स्क्रू राहिला आहे; जोर वाढवू नका, शोध वाढवा. जुनं प्लास्टिक थंड असताना अधिक ठिसूळ असतं, म्हणून डिसेंबर-जानेवारीत हे काम सकाळी सातला काढू नये. अकरानंतर केबिन कोमट झाली की लॉक कमी मोडतात. लॉक उचलायला स्क्रू ड्रायव्हरचं पातं नको, प्लास्टिकची किंवा बांबूची चपटी पट्टी बरी.

निघालेले स्क्रू डबीत टाकू नयेत. पुठ्ठ्यावर चौकटीची आकृती काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी खोचून ठेवायचा. चार मिलिमीटर जास्त लांबीचा स्क्रू चुकीच्या भोकात गेला की तो मागच्या वायरिंगमध्ये घुसतो, आणि त्याचा त्रास डॅशबोर्ड बंद करून झाल्यावर सुरू होतो. मीटर काढावेच लागले तर मागच्या प्रत्येक कपलरचा मोबाइलवर फोटो घ्या. स्पीडोमीटरची केबल असेल तर तिची टोपी हाताने फिरवून किंवा कळ दाबून सुटते. केबल ताठ असेल तर आधी गिअरबॉक्सच्या बाजूने किंवा फायरवॉलच्या रबरातून थोडी सैल सोडा.

आता नवा तुकडा कुठून आणायचा? मॉडेल अजून चालू असेल तर कंपनीच्या डीलरकडे पार्ट नंबर सांगावा, तोच सर्वांत कमी कटकटीचा मार्ग. नसेल तर बंगळुरात दोन जुने पत्ते आहेत: सुट्या भागांसाठी जे. सी. रोड, आणि मोडीत निघालेल्या गाड्यांच्या भागांसाठी शिवाजीनगरची गुजरी. गुजरीत घेताना जुना तुकडा जुनाच आहे हे विसरू नका. भोकांभोवती अंगठ्याने हलकं दाबून पाहा. पांढुरक्या रेषा उमटल्या तर तो तुकडाही वाटेवरच आहे.

आणि दोन्हीकडे नाही मिळाला तर पीण्या. इथे थोडं थांबून विचार करायला हवा, कारण ‘साचा करून देतो’ हे ऐकायला गोड वाटतं. इंजेक्शन मोल्डिंगचा पोलादी साचा लाखांत जातो. एका चौकटीसाठी ते वेडेपण आहे. पण एकाच मॉडेलच्या शंभर-दोनशे गाड्या असलेल्या वाहतूकदारासाठी किंवा सुट्या भागांच्या व्यापाऱ्यासाठी नाही. दहा-वीस नग हवे असतील तर सिलिकॉनच्या साच्यात पॉलियुरेथेन ओततात. असा एक साचा साधारण वीस-पंचवीस नग देतो आणि मग फाटतो. व्हॅक्यूम फॉर्मिंगमध्ये एबीएसची शीट तापवून लाकडी किंवा फायबरच्या ठशावर ओढली जाते. स्वस्त पडतं, पण मागच्या बाजूचे खांब, लॉक आणि रिबा मिळत नाहीत, ते वेगळे चिकटवावे लागतात. बसच्या बॉडीचं काम करणारे फायबरमध्ये हाताने थर देऊन एकच नगही करून देतात. जाडजूड होतो, टिकतो मात्र भरपूर.

थ्रीडी प्रिंट हा आता सहज मिळणारा पर्याय आहे, फक्त एका गोष्टीची चौकशी करा: कशात प्रिंट करणार? दुकानांत सर्वाधिक वापरलं जातं ते पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. सकाळी सुबक बसलेली चौकट पहिल्याच कडक दुपारी वाकडी होईल. एएसए मागा. ते एबीएसचंच भावंड, पण त्यात ब्युटाडाइनच्या जागी ऍक्रिलेट जातीचं रबर असतं, ज्याला उन्हाने लवकर म्हातारपण येत नाही.

मोल्डिंगवाल्याकडे कधी कधी जुना साचा पडलेला असतो, आणि तो म्हणतो, ‘एबीएस महाग पडेल साहेब, पीपीमध्ये मारून देतो.’ इथे नाही म्हणायचं. साच्यातून निघाल्यावर प्रत्येक प्लास्टिक आकसतं, पण सारखं नाही. एबीएस साधारण अर्धा टक्का आकसतं, पॉलिप्रॉपिलीन एक ते दोन टक्के. साचा एबीएसच्या हिशेबाने कोरलेला असेल, तर साठ सेंटिमीटरच्या चौकटीत पॉलिप्रॉपिलीनचा नग नऊ मिलिमीटरपर्यंत तोकडा येतो. भोकं जुळत नाहीत. मग बसवणारा माणूस ताणून जुळवतो, आणि चौकट पहिल्या दिवसापासूनच ताणाखाली उभी राहते. गाडीवाला म्हणतो, माल खराब. माल चांगलाच होता, साचा त्याचा नव्हता.

जुनाच तुकडा दुरुस्त करायचा म्हटलं तर एबीएस मोठ्या मनाचं आहे. तड्याच्या टोकाला दोन-अडीच मिलिमीटरचं भोक पाडायचं, म्हणजे टोकाशी एकवटलेला ताण पसरतो आणि तडा पुढे धावत नाही. मग त्याच जातीच्या प्लास्टिकचा चुरा ऍसिटोनमध्ये विरघळवून केलेली लुगदी मागच्या बाजूने भरायची आणि निदान एक रात्र सुकू द्यायचं. पॉलिप्रॉपिलीनला ही लुगदी चिकटत नाही, एम-सीलही धड धरत नाही. त्याला गरम हवेने, पॉलिप्रॉपिलीनचीच कांडी वापरून वेल्ड करावं लागतं. फेविक्विकने जोडलेला सांधा कडक आणि ठिसूळ होतो, वर भोवती पांढरी धूळ उमटते. दोन दिवस भागवायला ठीक आहे.

आणि आता बसवणं. सगळं मघाच्या त्या दोन मिलिमीटरांसाठी आहे. नवी चौकट आधी स्क्रू न लावता जागी ठेवून पाहा. ती स्वतःच्या वजनावर, कुठेही न दाबता बसली पाहिजे. एका बाजूने दाबल्यावर दुसरी उचलली जात असेल तर मागचा पत्रा वाकलेला आहे. पत्रा सरळ करा, चौकट वाकवू नका. मग मधलं एक भोक निवडा आणि तेवढंच स्क्रूच्या मापाचं ठेवा. चौकटीचा पाय तिथे रोवला जाईल आणि वाढ दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी जाईल. बाकीची भोकं लांबीच्या दिशेने लंबगोल करा. चार मिलिमीटरच्या स्क्रूला साडेपाच-सहा मिलिमीटर पुरे. कानस गोल आणि बारीक दातांची हवी, आणि शेवटी भोकाची कड पॉलिश पेपरने गुळगुळीत करायची, कारण कानशीचा एक ओरखडा म्हणजे पुढच्या तड्याला दिलेलं आमंत्रण. स्क्रूच्या डोक्याखाली रुंद वायसर घाला. खाली निमुळतं होत जाणाऱ्या डोक्याचा स्क्रू इथे वापरू नये. तो पाचरीसारखा आत शिरतो आणि भोक चहूबाजूंनी उसवतो.

स्क्रू प्लास्टिकच्या खांबात जाणार असेल तर तो आधी उलटा फिरवायचा. बरणीचं झाकण लावताना आपण नकळत करतो तसंच. उलटं फिरताना एका क्षणी स्क्रू हलकेच खाली बसल्याचं बोटाला जाणवतं. तो जुन्या आट्यांत उतरला. आता सरळ फिरवा. असं न करता थेट पिळला तर तो नवे आटे पाडतो, आणि तीन-चार वेळा उघडझाप झाली की खांबात आटेच उरत नाहीत. बॅटरीवर चालणारा ड्रिल-ड्रायव्हर या कामाला बाजूलाच ठेवा. हातातला स्क्रू ड्रायव्हर तीन बोटांत धरून, डोकं वायसरला टेकलं की त्यापुढे आणखी पाव फेरा, बस्स. ट्रकच्या जगात हे पटवणं अवघड जातं, कारण तिथे चाकाच्या नटापासून यू-बोल्टपर्यंत सगळं दांडा लावून आवळायची सवय असते. त्या नटांना ते लागतंच. चौकटीने काही पेलायचं नसतं, तिने फक्त जागच्या जागी राहायचं असतं.

‘मग खडखडेल ना?’ हा पुढचा प्रश्न. खडखड घट्टपणाने थांबवायची नसते. प्लास्टिक जिथे पत्र्याला टेकतं तिथे फेल्टची चिकटपट्टी लावा. फेल्ट दबतो, तुकड्याला सरकूही देतो. कडक फोम किंवा रबर लावलं तर ते पकडून ठेवतं आणि आपण पुन्हा पहिल्या प्रश्नाशी येतो. मागचं वायरिंग कापडी टेपने गुंडाळून पत्र्याच्या कडेपासून दूर बांधा. सैल कपलर हे निम्म्या खडखडीचं मूळ असतं आणि नाहक बदनाम होते ती चौकट.

शेवटी जोडणी उलट क्रमाने. हवेची नळी काढली असेल तर ती आधी, मग केबल, मग कपलर, मग चौकट, मुठी, आणि सर्वांत शेवटी बॅटरीची निगेटिव्ह. इंजिन चालू करून हवा पूर्ण भरू द्या. मग बंद करून दाबाचा काटा दहा मिनिटं पाहा; तो उतरत असेल तर नळीच्या सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा, आणि ते बंद झाल्याशिवाय ठोकळे काढू नका. इंडिकेटर, हेडलाइट, हाय-बीमची निळी खूण, डॅशबोर्डचे दिवे असं एकेक पाहून घ्या. स्पीडोमीटरचा काटा गाडी हलल्यावरच कळतो, म्हणून कारखान्याच्या आवारात एक चक्कर मारावी, थेट तुमकूर रस्त्यावर निघू नये.

आठवड्याभराने, दोन-तीन कडक दुपारी गेल्यावर, स्क्रू पुन्हा पाहावेत. एखादा सैल वाटला तर पाव फेरा द्या, पण वायसर बोटाने जेमतेम फिरला पाहिजे इतपतच. जुना तुकडा भंगारात टाकू नका. त्याच्या पाठीवर मार्करने गाडीचं मॉडेल, वर्ष, प्लास्टिकची जात आणि प्रत्येक भोकाच्या स्क्रूची लांबी लिहून तो गॅरेजमध्ये टांगून ठेवा. पुढच्या वेळी मोल्डिंगवाला पहिल्यांदा मागेल ते हेच.